गारगोटीची पदविका, नाशिकची पदवी आणि राष्ट्रसेवेचा हक्क

मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्या तरुणाला राष्ट्रसेवेच्या योजनेत स्थान आहे काय? प्रश्न वरकरणी अर्जातील एका रकान्यापुरता वाटतो. त्याच्यामागे मात्र साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाची एक वाट कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा व भुदरगड या तालुक्यांतून जाते.

आजरा तालुक्यातील बहिरेवाडी या खेड्यात ५ सप्टेंबर १९०७ रोजी विठ्ठल हरी घोटगे या मुलाचा जन्म झाला. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात त्याने नाव बदलले आणि भारताच्या शैक्षणिक इतिहासात तो जयंत पांडुरंग नाईक, म्हणजेच जे. पी. नाईक, या नावाने ओळखला गेला. १९३० च्या सविनय कायदेभंगात कारावास, त्यानंतर धारवाड भागातील उप्पिन बेटगेरी या गावी ग्रामसेवा व प्रौढशिक्षण, मग कोल्हापूर संस्थानात शिक्षणविषयक जबाबदारी असा त्यांचा प्रवास झाला. खेड्यात प्रत्यक्ष राहून काम केलेला मनुष्य शिक्षणाचे धोरण लिहू लागला की त्याच्या धोरणात काय उतरते, हे पाहण्यासारखे आहे.

१९४८ साली भुदरगड तालुक्यात गारगोटी येथे मौनी विद्यापीठ उभे राहिले. पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव धारण करणारी ही संस्था नावाने विद्यापीठ असली, तरी कायद्याच्या अर्थाने विद्यापीठ नव्हती. खेड्यातील मुलांना खेड्यातच उच्च शिक्षण मिळावे आणि त्या शिक्षणाचा गावाच्या कामाशी संबंध असावा, ही तिच्यामागची कल्पना होती. पुढे के. एल. श्रीमाली समितीच्या शिफारशीनुसार १९५६ पासून केंद्र सरकारने देशभर ‘ग्रामीण संस्था’ सुरू केल्या. त्यांच्या पहिल्या तुकडीत महाराष्ट्रातून अमरावती आणि गारगोटी ही दोन ठिकाणे होती.

या संस्थांत ग्रामीण सेवा पदविका हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम शिकवला जाई. गावात जाऊन काम करणे हा या अभ्यासक्रमाचाच भाग होता. आता अडचण अशी की ही पदवी नसून पदविका होती. केंद्र सरकारने नोकरीसाठी ती विद्यापीठाच्या पहिल्या पदवीच्या समकक्ष मानली. परंतु सरकारने कागदावर समकक्षता देणे आणि समाजाने ती मनापासून मान्य करणे यांत अंतर असते. बहुतेक ग्रामीण संस्था कालांतराने नेहमीच्या विद्यापीठीय पदवीकडे वळल्या. गारगोटीतील महाविद्यालय आज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. ज्यांच्या शिक्षणातच सेवा गुंफलेली होती, त्यांना ‘आमचा कागद पदवीइतकाच खरा आहे’ हे सिद्ध करावे लागले. मुक्त विद्यापीठांच्या पदवीधरांवर पुढे हीच वेळ आली.

दुसरीकडे, विद्यार्थ्यांकडून राष्ट्रसेवा घ्यावी ही कल्पना स्वातंत्र्यानंतर लगेचच मांडली जाऊ लागली होती. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) ती ऐच्छिक स्वरूपात सुचवली. १९५८ साली पंडित नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात समाजसेवा ही पदवीची पूर्वअट करावी, असा विचार मांडला. त्यानंतर २८ ऑगस्ट १९५९ रोजी राष्ट्रीय सेवा समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख, रायगड जिल्ह्यातील नाते गावी जन्मलेले आणि त्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाची धुरा वाहणारे. या समितीची शिफारस कडक होती: माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रसेवा करावी.

ती अमलात आली नाही. खर्च मोठा होता आणि तेवढ्या मुलांना सांभाळणारी यंत्रणाही नव्हती. परंतु देशमुख समितीचे एक गृहीतक पुढच्या जवळजवळ सर्व योजनांत टिकून राहिले, ते म्हणजे राष्ट्रसेवा करणारा तरुण म्हणजे महाविद्यालयाच्या दारात उभा असलेला तरुण. शेतात, गिरणीत किंवा दुकानात काम करता करता शिकू पाहणारा तरुण या चित्रात नव्हताच.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. उद्घाटक होते राष्ट्रपती राधाकृष्णन, म्हणजे १९४९ मध्ये राष्ट्रसेवा सुचवणाऱ्या आयोगाचेच अध्यक्ष. चीनशी युद्ध अद्याप थांबलेले नव्हते. त्या युद्धाचा परिणाम म्हणून १९६३ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीची करण्यात आली, आणि १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. त्याच १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले होते. अशा रीतीने एकाच वर्षाच्या आगेमागे, विद्यार्थ्याला मैदानात उभे करणारी व्यवस्था आणि विद्यार्थ्याला घरी बसून शिकू देणारी व्यवस्था, दोन्ही आकार घेत होत्या. त्यांची एकमेकींशी गाठ घालण्याचा विचार कोणाच्याही मनात आलेला दिसत नाही.

या दोन्ही धाग्यांना एका दस्तऐवजात जागा मिळाली ती कोठारी आयोगाच्या अहवालात. जुलै १९६४ मध्ये नेमलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. २९ जून १९६६ रोजी शिक्षणमंत्री एम. सी. छागला यांना सादर झालेल्या अहवालात नाईकांचा वाटा किती मोठा होता, हे शिक्षणाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. आयोगाने समाजसेवा शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर आवश्यक मानली. पदवीपूर्व विद्यार्थ्यासाठी एकूण ६० दिवसांची सेवा सुचवली. त्याच अहवालात दुसऱ्या ठिकाणी म्हटले होते की १९८६ पर्यंत उच्च शिक्षणातील एकूण विद्यार्थ्यांपैकी किमान एकतृतीयांश विद्यार्थ्यांची सोय पत्रद्वारा आणि सायंकालीन शिक्षणातून व्हावी.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचली, की प्रश्न आपोआप उभा राहतो. एकतृतीयांश विद्यार्थी महाविद्यालयाच्या बाहेर शिकणार असतील, तर त्यांचे साठ दिवस कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली भरायचे? अहवाल याबाबत फारसा थांबत नाही. बहिरेवाडीत जन्मलेल्या आणि गारगोटीशी नाते असलेल्या नाईकांकडून ही अपेक्षा ठेवणे थोडे अन्यायाचे होईल. १९६६ साली देशात एकही मुक्त विद्यापीठ नव्हते. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले.

त्याच १९६९ साली गांधी जन्मशताब्दीचे निमित्त साधून राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत तिचा आरंभ केला. पहिल्या वर्षी सुमारे ४०,००० विद्यार्थी सहभागी होते. देशमुखांची सक्ती गेली आणि ऐच्छिक सेवा आली. योजनेची रचना मात्र पूर्णपणे महाविद्यालयावर बेतलेली होती. साधारणपणे १०० स्वयंसेवकांचे एक एकक, त्यावर कार्यक्रम अधिकारी म्हणून त्याच महाविद्यालयाचा प्राध्यापक, एक दत्तक गाव, दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि एक विशेष निवासी शिबिर. हे सर्व पूर्ण केले की प्रमाणपत्र. काही विद्यापीठांत त्याचे वाढीव गुणही मिळतात. महाविद्यालय नसेल, तर या साखळीतील पहिलीच कडी निखळते.

मग मुक्त विद्यापीठे आली: १९८२ मध्ये हैदराबादला, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. राम ताकवले हे नाशिकचे पहिले कुलगुरू. ज्यांचे नाव या विद्यापीठाला दिले गेले ते यशवंतराव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. बारावी न झालेल्यांसाठी ‘पूर्वतयारी’ शिक्षणक्रम ठेवून या विद्यापीठाने शेतकरी, गृहिणी, कामगार अशा हजारोंना पदवीचा मार्ग खुला केला. जे. पी. नाईक ३० ऑगस्ट १९८१ रोजी निधन पावले होते. त्यांना देशातील एकही मुक्त विद्यापीठ पाहता आले नाही.

गारगोटीच्या पदविकेचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहिला: हा कागद खरा का? १ मार्च १९९५ च्या केंद्रीय अधिसूचनेने मान्यताप्राप्त दूरशिक्षणातून मिळालेली पदवी केंद्र सरकारच्या नोकरीसाठी ग्राह्य ठरवली. २०२० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी, आणि सप्टेंबर २०२२ मधील आयोगाच्या स्पष्टीकरणाने, मान्यताप्राप्त मुक्त व ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष असल्याचे पुन्हा सांगितले. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, यावरून ती किती जणांच्या गळी उतरलेली नाही याचा अंदाज यावा.

पदवीनंतरच्या सेवेचे दार मात्र काहीसे उलट्या बाजूने उघडले. १९७७-७८ मध्ये राष्ट्रीय सेवा स्वयंसेवक योजना आली. पदवीधरांनी वर्षभर पूर्णवेळ काम करावे, हा तिचा हेतू होता. २०१०-११ मध्ये ती राष्ट्रीय युवा कोरमध्ये विलीन झाली आणि तिचे काम १९७२ पासून चालत आलेल्या नेहरू युवा केंद्रांकडे राहिले. युवा कोरची पात्रता पाहण्यासारखी आहे: वय १८ ते २९, शिक्षण किमान दहावी, आणि नियमित विद्यार्थी अपात्र. स्वयंसेवकाला मासिक मानधन, आणि काम स्वतःच्या तालुक्यात. म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या रचनेत जो नियमित विद्यार्थी बसतो, तो युवा कोरला चालत नाही. आणि तेथे न बसणाऱ्या मुक्त विद्यापीठाच्या तरुणाला युवा कोरमध्ये पदवीची अडचणच येत नाही. पदवी मागितलेलीच नाही, तर तिच्या प्रकाराची चौकशी कोण करणार? वयाची अट मात्र जाचक आहे. ज्याने उशिरा शिक्षण सुरू केले, त्याच्यापाशी २९ पूर्वी पदवी असेलच असे नाही.

या बाबतीत नायजेरियाचा इतिहास जवळचा वाटतो. यादवी युद्धानंतर १९७३ मध्ये जनरल गोवोन यांनी पदवीधरांसाठी एक वर्षाची राष्ट्रीय युवा सेवा सक्तीची केली. तिचे प्रमाणपत्र नसेल तर नोकरी मिळणे कठीण. अंशकालीन शिक्षण घेतलेल्यांना त्या सेवेत प्रवेश नव्हता आणि राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पदवी त्याच खान्यात टाकली जाई. १९८४ मध्ये लष्करशहा म्हणून मुहम्मदू बुहारी यांनी हे मुक्त विद्यापीठ नुकतेच सुरू झालेले असताना बंद केले. पुढे ते पुनरुज्जीवित झाले. डिसेंबर २०१८ मध्ये, निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष म्हणून, त्याच बुहारींनी कायद्यातील दुरुस्तीवर सही केली आणि तेथील पदवीधरांना युवा सेवेचा मार्ग मोकळा झाला. तिशी ओलांडून पदवी घेणाऱ्याला तेथेही सेवेऐवजी सवलतीचा दाखला मिळतो.

भारतात सेवा सक्तीची नसल्याने न्यायालयापर्यंत किंवा संसदेपर्यंत जावे अशी निकड कोणाला वाटली नाही. अन्याय सौम्य असला की तो टिकून राहतो. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘माय भारत’ या व्यवस्थेत १५ ते २९ वयोगटातील कोणालाही नावनोंदणी करता येते. महाविद्यालयाची अट नाही.

मुक्त विद्यापीठाचे कोल्हापूर येथे विभागीय केंद्र आहे, आणि अभ्यासकेंद्रे नेहमीच्या महाविद्यालयांच्या इमारतींतच भरतात. रविवारी संपर्कसत्रासाठी येणारा विद्यार्थी ज्या वर्गात बसतो, तेथेच आठवड्याच्या इतर दिवशी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराची यादी तयार होते. त्या यादीसाठी लागणारे नियमित विद्यार्थी म्हणून नाव त्याच्यापाशी नसते.