राखणारा देव : नॉरिचच्या जूलियनची साक्ष

गांवांत साथ आली म्हणजे माणसाच्या तोंडून दोन प्रश्न निघतात. यांतून सुटावें कसें, हा पहिला. आणि हें संकट कोणाच्या पापामुळें आलें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर शोधण्यास वैद्यांना वर्षानुवर्षें लागतात. दुसऱ्याचें उत्तर मात्र ज्याला त्याला आधींच ठाऊक असतें, आणि तें बहुधा शेजाऱ्याच्या दाराकडे बोट दाखवितें. २०२० सालच्या साथींत हें आपण सर्वांनीं पाहिलेंच आहे. आज ज्या स्त्रीची हकीकत मी आपणांस सांगणार आहें, तिनें हा दुसरा प्रश्न लोकांस न विचारतां देवास विचारला, त्याच्या उत्तराचा जवळजवळ वीस वर्षें विचार केला, आणि शेवटीं एक पुस्तक लिहून ठेविलें. इंग्रजी भाषेंत स्त्रीनें लिहिलेलें, लेखिका ज्ञात असलेलें, असें उपलब्ध पुस्तकांतील तें पहिलें मानलें जातें.

इ. स. १३४८ च्या उन्हाळ्यांत प्लेग इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यास लागला आणि पुढील वर्षीं पूर्वेकडील नॉरिच नगरांत शिरला. नॉरिच हें वेन्सम नदीच्या कांठचें, लोकरीच्या व्यापारानें संपन्न झालेलें शहर. त्या काळच्या इंग्लंडांतील मोठ्या शहरांपैकीं एक. देशांतील लोकसंख्येचा निदान तिसरा हिस्सा, कित्येकांच्या मतें निम्मा हिस्सा, त्या साथींत नाहींसा झाला. मुंबईंत १८९६ सालीं आणि पाठोपाठ पुण्यांत जो रोग आला, तोच हा. त्याचा जंतु यर्सिन या शास्त्रज्ञानें १८९४ सालीं हाँगकाँग येथें शोधून काढला. आणि लंडनमधील चौदाव्या शतकाच्या दफनभूमींतून काढलेल्या सांगाड्यांत त्याच जंतूच्या खुणा असल्याचें २०११ सालीं सिद्ध झालें.

१३४८ सालीं यांतलें कांहींच कोणास ठाऊक नव्हतें. पॅरिसच्या विद्यापीठांतील वैद्यांनीं दोष शनि, गुरु आणि मंगळ यांच्या १३४५ मधील युतीस दिला. यॉर्कचा आर्चबिशप झूश यानें पत्र धाडून कळविलें कीं, ही लोकांच्या पातकांबद्दलची शिक्षा होय. फ्लँडर्सकडून आलेले लोक लंडनच्या रस्त्यांतून स्वतःच्या उघड्या पाठीवर चाबूक ओढीत फिरले. हेतु हा कीं, देवाचा कोप शांत व्हावा. आणि जेथें स्वतःची पाठ पुरेना, तेथें दुसऱ्याची शोधण्यांत आली. १३४९ च्या फेब्रुवारींत स्ट्रासबूर्ग नगरांत शेंकडों यहुदी, विहिरींत विष कालविल्याच्या आळावरून, जाळण्यांत आले. हा आळ खोटा आहे, कारण रोग यहुद्यांसही होतो, असें पोप सहावा क्लेमेंट यानें १३४८ मध्येंच जाहीर केलें होतें. पण त्याचें ऐकतो कोण? भ्यालेल्या माणसाला न्यायाधीश होण्याची फार घाई झालेली असते.

जूलियन त्या वेळीं सहा वर्षांची मुलगी होती. तिचें पाळण्यांतील नांव इतिहासानें राखलेलें नाहीं. पुढें ती सेंट जूलियनच्या देवळाला लागून असलेल्या कोठडींत राहिली, आणि त्या देवळाच्या नांवानेंच जग तिला ओळखतें. १३६१ मध्यें प्लेग पुन्हां आला आणि त्यानें विशेषतः मुलें नेलीं. १३६९ मध्यें तो आणखी एकदां आला. म्हणजे वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत तिनें तीन वेळां साथ पाहिली. हा देवाचा कोप आहे, हें वाक्य तिच्या कानांवर किती वेळां पडलें असेल, याची कल्पनाच करावी.

१३७३ च्या मे महिन्यांत ती स्वतः आजारी पडली. आजार इतका विकोपास गेला कीं, चौथ्या रात्रीं तिजवर अखेरचे संस्कार करण्यांत आले. पुढें कमरेखालचें शरीर निर्जीव झालें, दृष्टि मंदावली, आणि धर्मगुरूनें तिच्या डोळ्यांपुढें क्रूस धरला. ती मरणाची वाट पाहत असतां वेदना एकाएकीं थांबल्या आणि तिला दर्शनें घडूं लागलीं. पंधरा त्या दिवशीं घडलीं आणि सोळावें दुसऱ्या रात्रीं.

पहिल्याच दर्शनांत तिनें आपल्या तळहातावर एक लहानशी वाटोळी वस्तु पाहिली. हेझल नांवाच्या झुडपाच्या फळाएवढी ती होती असें ती म्हणते. आपण लहानशी सुपारी डोळ्यांपुढें आणावी. हें काय असावें, असें तिच्या मनांत आलें. आणि तिला कळलें कीं, निर्माण झालेलें सारें विश्व तें हेंच. इतकी क्षुल्लक वस्तु एका क्षणांत नाहींशी कशी होत नाहीं, याचें तिला नवल वाटलें. तेव्हां तिला उमगलें कीं, घडविणें, प्रीति करणें आणि राखणें या देवाच्या तीन कृतींवर ती वस्तु टिकून आहे.

हें राखणें ख्रिस्ती शास्त्रांत नवें नव्हे. स्तोत्रसंहितेंतील १२१ वें स्तोत्र अवघ्या आठ वचनांचें आहे. पण मूळ हिब्रूंत राखणें या अर्थाचा एकच धातु त्यांत सहा वेळां येतो. योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्यायही पुत्राच्या आगमनाचा हेतु जगाचें तारण हा सांगतो, जगाला शिक्षा फर्माविणें हा नव्हे. हीं वचनें सर्वांस पाठ होतीं. परंतु साथीच्या भीतींत पाठ असलेलें वचन आठवणें, ही गोष्ट वेगळी.

जूलियनची खरी अडचण येथूनच सुरू झाली. आपल्या दर्शनांत तिनें देवाच्या ठायीं कोप शोधला. तो तिला सांपडला नाहीं. इकडे धर्मसंस्था तिला रोज शिकवीत होती कीं, पापी मनुष्य दोषास आणि कोपास पात्र आहे. शिकवण खरी धरावी तर दर्शन लटकें ठरतें. दर्शन खरें धरावें तर श्रद्धेचा आधार सुटतो. ती दोहोंपैकीं कांहींच सोडावयास तयार नव्हती. पाप नाहींच, असें तिनें कधींही म्हटलें नाहीं. उलट पापाहून कठोर नरक आपणांस दाखविला गेला नाहीं, असेंच ती सांगते. तिचें म्हणणें इतकेंच कीं, कोप आहे तो माणसाच्या बाजूस आहे, देवाच्या बाजूस नाहीं.

मग दोष कोठें गेला? याचें उत्तर तिला एका दृष्टांताच्या रूपानें मिळालें. एक धनी शांतपणें बसला आहे आणि त्याच्यासमोर एक चाकर उभा आहे. धनी त्याला कामास धाडतो. चाकर धन्यावरील प्रेमानें धांवत सुटतो आणि खळग्यांत पडतो. त्याला फार लागतें, तो कण्हतो. पण त्याचें सर्वांत मोठें दुःख हें कीं, त्याला मान वळवून धन्याचें तोंड पाहतां येत नाहीं. धनी अगदीं जवळ आहे आणि त्याच्या दृष्टींत करुणा आहे. चाकराला मात्र तें ठाऊक नाहीं. धनी त्याला कांहीं दोष लावतो कीं काय, हें जूलियननें निरखून पाहिलें. तसें कांहींच तिला आढळलें नाहीं.

हा दृष्टांत तिला इतका अवघड वाटला कीं, आपल्या पहिल्या, लहान लेखनांत तिनें तो घातलाच नाहीं. तीन महिने कमी वीस वर्षें लोटल्यावर त्यांतील बारीकसारीक गोष्टी, धन्याचें बसणें, वस्त्रांचे रंग, चाकराची उभी राहण्याची रीत, पुन्हां न्याहाळण्याची तिला आंतून सूचना झाली. तेव्हां तिला उलगडा झाला. चाकर म्हणजे आदाम, अर्थात् सारी मनुष्यजात. आणि तोच चाकर म्हणजे ख्रिस्त, जो पडलेल्याच्या मागोमाग खळग्यांत उतरला. धन्याला दोघे निराळे दिसतच नाहींत. म्हणून एकावरील प्रीति दुसऱ्याला मिळते.

श्रोतेहो, माझें आयुष्य शाळेंत गेलें, म्हणून हा दृष्टांत मला फार लागतो. एकदां पावसाळ्यांत एक मुलगा पटांगणांतून धांवत येतांना चिखलांत पडला. धांवूं नये हें ठाऊक नाहीं का, हे माझे पहिले शब्द. त्याचा गुडघा फुटला होता, हें मला नंतर दिसलें; आणि त्याला खडू आणावयास मीच धाडलें होतें, हें त्याहूनही नंतर आठवलें. तो मान खालीं घालून उभा होता. त्यानें वर पाहिलें असतें तरी माझ्या तोंडावर त्याला करुणा दिसली नसती. तो धनी आणि मी यांतील अंतर मला त्या दिवशीं कळलें नाहीं. पुष्कळ वर्षांनीं हें पुस्तक वाचतांना कळलें.

पुढें जूलियन ख्रिस्ताला आई म्हणते. ही उपमा एकट्या तिचीच नव्हे. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म यानें सुमारें तीनशें वर्षांपूर्वीं ती आपल्या प्रार्थनेंत योजिली होती. विठाई माउली म्हणणाऱ्या मराठी कानांस तर ती मुळींच परकी वाटणार नाहीं. पण राखणें या शब्दाचा अर्थ जूलियननें फार काळजीपूर्वक सांगितला आहे. आई मुलाला कधीं कधीं पडूं देते. नष्ट होऊं देत नाहीं. वादळ येणार नाहीं, श्रम पडणार नाहींत, असें वचन आपणांस मिळालेलें नाहीं, असें ती स्पष्ट लिहिते. मिळालें तें इतकेंच कीं, त्यांत आपला पाडाव होणार नाहीं. तिच्या प्रेमांतील एका व्यक्तीचें पुढें कसें होईल, हें तिनें देवास विचारलें. त्याचें उत्तर तिला मिळालें नाहीं. आणि मिळालें नाहीं हेंही तिनें प्रामाणिकपणें लिहून ठेविलें.

असें लिहिणें त्या काळीं सोपें नव्हतें. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडांत नॉरिचचा बिशप डिस्पेन्सर स्वतः शस्त्र घेऊन बंडवाल्यांवर चालून गेला. त्यांचा पुढारी जेफ्री लिटस्टर यास त्यानें फाशीची शिक्षा फर्माविली. मग त्याचा पापांगीकार ऐकला, आणि त्याला वधस्थानाकडे फरफटत नेतांना त्याचें डोकें जमिनीवर आपटूं नये म्हणून तें आपल्या हातांनीं सांवरून धरलें, असें समकालीन बखरकार लिहितो. दंड आणि दया यांची अशी विलक्षण सांगड त्या युगानें घातली होती. १४०१ मध्यें तर पाखंड्यांस जिवंत जाळण्याचा कायदाच झाला. अशा काळांत, देवाच्या ठायीं कोप नाहीं असें देशी भाषेंत लिहिणाऱ्या स्त्रीनें प्रत्येक शब्द तोलून लिहिला, आणि आपण धर्मसंस्थेची आज्ञाधारक कन्या आहों असें वारंवार बजावलें, यांत नवल नाहीं.

ती एकांतवासिनी झाली. अशा स्त्रीला कोठडींत प्रवेश देतांना धर्मगुरु अंत्यविधीच्या प्रार्थना म्हणत. त्यानंतर ती बाहेर येत नसे. एक खिडकी देवळांत उघडे, दुसरींतून जगाशीं बोलतां येई. या दुसऱ्या खिडकीशीं सुमारें १४१३ मध्यें मार्जरी केंप नांवाची एक अस्वस्थ स्त्री सल्ला विचारण्यास येऊन गेली. तिच्या आत्मवृत्तांत ही भेट नमूद आहे. १४१६ च्या एका मृत्युपत्रांतही जूलियनला कांहीं रक्कम ठेविलेली आढळते. म्हणजे अखेरचे संस्कार झालेली ही स्त्री त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक जगली.

तिच्या मोठ्या पुस्तकाची तिच्या काळांतील संपूर्ण प्रत आज उरलेली नाहीं. सोळाव्या शतकांत इंग्लंडांतील मठ मोडले गेले. परागंदा झालेल्या इंग्रज मठवासिनींनीं फ्लँडर्समधील कँब्रे येथें १६२३ मध्यें आणि पुढें पॅरिसमध्यें आपले मठ स्थापिले, आणि तेथें तिचे शब्द वाचले व उतरून घेतले जात. पॅरिसच्या मठाचा धर्मगुरु सेरेनस क्रेसी यानें १६७० मध्यें तें पुस्तक प्रथम छापलें. फ्रेंच राज्यक्रांतींत कँब्रेच्या मठवासिनी तुरुंगांत पडल्या. १७९५ मध्यें त्या इंग्लंडांत परतल्या, त्या वेळीं त्यांच्या अंगावर गिलोटिनखालीं गेलेल्या काँप्येन्यच्या कार्मेली भगिनींचे कपडे होते. ग्रेस वॉरॅक या विदुषीनें १९०१ मध्यें नवी आवृत्ति काढली, तेव्हां हें पुस्तक सामान्य वाचकाच्या हातीं आलें. लहान लेखनाची एकमेव जुनी प्रत १९११ मध्यें छापली गेली.

जून १९४२ मध्यें जर्मन बाँबनें सेंट जूलियनचें देऊळ उद्ध्वस्त झालें. १९५३ मध्यें तें पुन्हां उभें राहिलें, आणि जेथें तिची कोठडी होती तेथें आज लोक येऊन शांत बसतात.

आरंभींचा प्रश्न हा होता कीं, हें संकट कोणाच्या पापामुळें आलें? जूलियनच्या पुस्तकांत याचें उत्तर शोधूं गेल्यास तें मिळत नाहीं. तिच्या देवाला तो प्रश्न पडलेलाच नाहीं. तो खळग्यांत पडलेल्याकडे पाहत आहे. आणि पडलेल्यानें मान वळवावी, एवढीच त्याची इच्छा आहे.