चेपॉकचा प्रेक्षक

इंग्लंडमधील एखाद्या परगण्यात प्रवासी गेला, तर तेथील जुना किल्ला आणि प्रार्थनामंदिर यांच्याबरोबरच परगण्याच्या क्रिकेट संघाचे मैदानही त्याला अगत्याने दाखविले जाते. आपल्याकडे चेन्नईस आलेला पाहुणा कपालीश्वराचे देऊळ आणि मरीनाचा किनारा पाहून परततो. त्या किनाऱ्यालगतच्या चेपॉक मैदानाकडे त्याचे पाय सहसा वळत नाहीत. आवडीच्या संरक्षण कारखान्यांच्या आश्रयाने वर्षानुवर्षे राहिलेल्या आपल्यापैकी कित्येकांची गतही याहून निराळी नाही. वस्तुतः परक्या प्रांतात आपले आणि दुसऱ्याचे हा भेद कसा विरतो, हे शिकविणारी याहून चांगली जागा या शहरात क्वचितच असेल.

या मैदानाचा आरंभ मात्र भेदापासूनच झाला. १८४६ मध्ये स्थापन झालेला मद्रास क्रिकेट क्लब हा गोऱ्या साहेबांचा होता. पाहुणा यजमान होऊन बसला होता आणि भूमिपुत्र परका ठरला होता. बुची बाबू नायडू यांनी एतद्देशीयांसाठी मद्रास युनायटेड क्लब उभारला, तो या स्थितीला उत्तर म्हणूनच. पुढे पोंगलच्या सुमारास युरोपियन विरुद्ध हिंदी असे सामने होऊ लागले आणि १९१५ पासून त्यांना प्रथम दर्जाची प्रतिष्ठा लाभली. १९३४ च्या फेब्रुवारीत जार्डिनच्या इंग्लिश संघाने येथे कसोटी सामना जिंकला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रणजी करंडकाचा पहिला सामना, मद्रास विरुद्ध म्हैसूर, येथेच झाला आणि एका दिवसातच मद्रासने तो जिंकला.

त्यानंतर उजाडले १९५२ साल. कसोटीच्या पहिल्याच दिवशी, ६ फेब्रुवारीस, इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज निवर्तले. विश्रांतीचा दिवस अलीकडे घेण्यात आला. १० तारखेस भारताने एक डाव आणि ८ धावांनी विजय मिळविला. कसोटी क्रिकेटमधील तो आपल्या देशाचा पहिला विजय. कर्णधार होते सांगलीस जन्मलेले विजय हजारे. बारा बळी घेणारे विनू मांकड जामनगरचे. शतके काढणारे पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर, एक बंगाली, दुसरे पारशी. आणि जयघोष करणारे बहुतेक तमिळ!

पुढे १९८३ च्या डिसेंबरात वेस्ट इंडीजविरुद्ध भारताची धावसंख्या शून्य असताना दोन गडी बाद झाले होते. त्या क्षणी सुनील गावसकर खेळावयास आले आणि नाबाद २३६ धावा करूनच परतले. ते त्यांचे तिसावे कसोटी शतक. ब्रॅडमन यांचा विक्रम त्याने मागे टाकला. मांकड यांची २३१ धावांची भारतीय उच्चांकी खेळीही त्याच डावात मागे पडली. तीदेखील १९५६ मध्ये याच शहरात, कॉर्पोरेशन स्टेडियमवर झाली होती.

परंतु आपल्या माणसाच्या पराक्रमाला टाळी देणे फारसे कठीण नसते. प्रेक्षकाची खरी परीक्षा पराभवाच्या वेळी होते. १९९९ च्या जानेवारीत पाकिस्तानविरुद्ध विजयासाठी २७१ धावा हव्या होत्या. पाठदुखीने बेजार झालेल्या सचिन तेंडुलकरांनी १३६ धावा केल्या. ते बाद झाले तेव्हा अवघ्या १७ धावा उरल्या होत्या. उरलेले तीन गडी चार धावांत बाद झाले आणि १२ धावांनी सामना गेला. ते मैदान क्षणभर सुन्न झाले असेल. परंतु नंतर प्रेक्षक उठून उभे राहिले आणि मैदानाला फेरी घालणाऱ्या पाकिस्तानी संघाला त्यांनी टाळ्यांनी मानवंदना दिली. ज्या मैदानावर एके काळी येथल्याच माणसाला मानाचे आसन नव्हते, तेथे विजयी प्रतिस्पर्ध्याला ते उभे राहून देण्यात आले.

आपण नोकरीनिमित्त येथे आलो. बदलीचा हुकूम येताच कदाचित जाऊही. तोवर आपली संमेलने, आपले गणेशोत्सव आपण प्रेमाने करतो, आणि ते योग्यच आहे. तथापि एखाद्या सुट्टीच्या दिवशी आवडीहून लोकल धरावी, पार्क टाऊनला गाडी बदलून चेपॉकला उतरावे आणि साध्या रणजी सामन्यास जाऊन बसावे. शेजारचा वृद्ध तमिळ गृहस्थ कोणाच्या फटक्याला दाद देतो, हे न्याहाळावे. भाषा कळली नाही तरी दाद कळते. आणि ती कळू लागली, की गाव परके वाटेनासे होते.