मास्कार्पोने

दुधाच्या मलईपासून केले जाणारे, न मुरवलेले मऊ इटालियन चीज. उगम उत्तर इटलीतील लोंबार्दी प्रांतात, लोदी व आब्बियातेग्रासो या परिसरात. मलई सुमारे ८५–९०° से. तापवून तीत सायट्रिक किंवा टार्टारिक आम्ल घालतात व साकळलेला गोळा कापडातून निथळतात. रेनेट (दूध साकळवणारे विकर) वापरत नाहीत.  रंग हस्तिदंती, चव गोडसर, मेद सुमारे ४० टक्के; त्यामुळे चीजपेक्षा ते लोण्यालाच जवळचे. टिकाऊपणा अल्प. तिरामिसू या मिष्टान्नाचा हा मुख्य घटक. रिसोत्तो व पास्त्याच्या सॉसमध्येही घालतात. बदली म्हणून चक्का वापरता येतो (पहा : श्रीखंड), मात्र तो दह्याचा असल्याने पदार्थाला आंबटपणा येतो.