त्रैराशिक (शालेय, पनवेल)

तीन ज्ञात राशींवरून चौथी काढण्याची अंकगणितातील रीत. प्रमाण, फल व इच्छा ही त्या तिहींची शास्त्रीय नावे असून, फलास इच्छेने गुणून प्रमाणाने भागले असता इच्छाफल मिळते, हा नियम आर्यभटाच्या गणितपादात आला आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ने (११५०) तो सर्वतोमुखी केला.

पनवेल (रायगड जिल्हा, १८८३ पूर्वी ठाणे जिल्हा) या बंदरी पेठेत रीतीस व्यवहाराचे अधिष्ठान होते. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाल्यावर मुंबईहून गलबतांनी उतरलेला माल येथून बैलगाड्यांनी देशावर चढे, आणि आडत्याची दलाली असो वा हुंडेकऱ्याचे भाडे, प्रत्येक कलम दराचेच असे. खंडीस साठ रुपये भाव असता सव्वा सात मण भाताचे मोल किती, हा प्रश्न घ्या. खंडीचे मण वीस, म्हणून मणास तीन रुपये. सात त्रिक एकवीस आणि, पावकी मुखोद्गत असल्यास, तीन पाव पाऊण. एकूण पावणेबावीस, म्हणजे एकवीस रुपये बारा आणे. पाटीवर लेखणी टेकविण्याचे प्रयोजन उरत नसे.

हे सामर्थ्य अपूर्णांकांच्या पाढ्यांचे होय. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी (साडेतीनचा पाढा) ही मालिका सोळा आण्यांच्या रुपयाशी अशी जुळलेली होती की, पंतोजींच्या शाळेतील घोकंपट्टीस केवळ जाच म्हणणाऱ्या टीकाकारांनी तिच्यामागील नाणेपद्धती लक्षात घेतलेली दिसत नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आल्यावर तो आधार निखळला व त्रैराशिकाची जागा एकमान पद्धतीने घेतली. नावापलीकडे त्यांत भेद थोडा.

बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सारख्या नावांबरोबर ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती आल्यावर २०१९ मध्ये वाद झाला. पाढ्यांच्या लयीवरील तिच्या परिणामाविषयी मतभेद आहेत.

व्यस्त त्रैराशिक : मजूर वाढता दिवस घटतात, अशा प्रमाणांस लागू.

कोनांतील त्रैराशिक : पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश. पनवेलीस गाड्यांच्या चाकांचा धंदा मोठा होता व देशावरील गाडीवान परततेवेळी नवी जोडी घेऊन जात, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. बारा आऱ्यांच्या चाकात लगतच्या दोन आऱ्यांमधील कोन याच रीतीने ३० अंश.