दक्षिण सुदानमधील तेल-उत्पादन व निर्यात : संघर्षोत्तर शक्यता आणि मर्यादा (२००५ ते २०२५)

प्रस्तावना :

दीर्घकालीन यादवी युद्धातून बाहेर पडलेल्या राष्ट्राच्या पुनर्बांधणीत नैसर्गिक साधनसंपत्तीचे स्थान महत्त्वाचे असते. युद्ध थांबले की विहिरी पुन्हा सुरू होतील, निर्यात वाढेल आणि मिळालेल्या परकीय चलनातून रस्ते, शाळा व रुग्णालये उभी राहतील, अशी अपेक्षा साधारणपणे बाळगली जाते. दक्षिण सुदान हे या अपेक्षेची कसोटी पाहणारे ठळक उदाहरण होय. ९ जुलै २०११ रोजी हे राष्ट्र स्वतंत्र झाले, तेव्हा त्याचे तेल-उत्पादन प्रतिदिन सुमारे साडेतीन लाख पिंपे होते आणि शासकीय महसुलाचा सुमारे ९८ टक्के भाग तेलातून येत होता. त्यानंतर उत्पादनाने ती पातळी पुन्हा गाठलेली नाही. भूगर्भातील साठा पुरेसा असताना असे का घडले, या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टिकोनातून विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

सुदानला १९५६ साली स्वातंत्र्य मिळाले. उत्तर व दक्षिण भागांतील पहिले यादवी युद्ध १९७२ च्या अदिस अबाबा कराराने थांबले आणि दक्षिणेला प्रादेशिक स्वायत्तता मिळाली. या शांततेच्या काळातच शेव्हरॉन या अमेरिकन कंपनीला तेलशोधाचे परवाने देण्यात आले व १९७० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिणेतील बेंतिऊ परिसरात तेल सापडले. शांततेने तेलाचा शोध शक्य केला. परंतु तेलाच्या शोधाने ती शांतताच धोक्यात आणली. राष्ट्राध्यक्ष जाफर निमेरी यांच्या राजवटीत तेलक्षेत्र उत्तरेत समाविष्ट होईल अशा रीतीने प्रांतांच्या सीमा बदलण्याचे प्रयत्न झाले. नियोजित तेलशुद्धीकरण कारखाना बेंतिऊऐवजी उत्तरेतील कोस्ती येथे उभारण्याचे ठरले. दक्षिणेत या निर्णयांविरुद्ध तीव्र असंतोष पसरला. १९८३ मध्ये दक्षिणेची स्वायत्तता रद्द करण्यात आली आणि त्याच वर्षी जॉन गरांग यांच्या नेतृत्वाखाली सुदान लोकमुक्ती चळवळ उदयास आली. फेब्रुवारी १९८४ मध्ये शेव्हरॉनच्या तळावर हल्ला होऊन तीन कर्मचारी मारले गेले व कंपनीने काम थांबवले.

पुढील टप्प्यात आशियाई कंपन्यांचा प्रवेश झाला. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ग्रेटर नाईल या संयुक्त उपक्रमात चायना नॅशनल पेट्रोलियम कॉर्पोरेशनचा ४० टक्के, मलेशियाच्या पेट्रोनासचा ३० टक्के आणि सुदानच्या सुदापेटचा ५ टक्के वाटा होता. उर्वरित २५ टक्के वाटा प्रथम अराकिस व नंतर टॅलिस्मन या कॅनेडियन कंपनीकडे होता. तेलक्षेत्रापासून तांबड्या समुद्रावरील पोर्ट सुदानपर्यंत दीड हजार किलोमीटरहून अधिक लांबीची तेलवाहिनी बांधण्यात आली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये पहिली निर्यात झाली. या काळात युद्ध चालूच होते. तेलक्षेत्रालगतच्या वस्त्या उठवण्यात आल्या, हजारो लोक विस्थापित झाले आणि तेलाच्या उत्पन्नातून लष्करी खर्च वाढला. मानवाधिकारांच्या प्रश्नावरून मायदेशी टीका वाढल्यावर टॅलिस्मनने आपला वाटा विकला. तो २००३ मध्ये भारताच्या ओएनजीसी विदेश या सार्वजनिक कंपनीने ७० कोटी डॉलरहून अधिक किंमत देऊन घेतला. त्याच वर्षी सुदानमधील तेल मंगळूरच्या शुद्धीकरण कारखान्यात येऊ लागले. भारताच्या ऊर्जा-धोरणाचा या प्रश्नाशी प्रत्यक्ष संबंध येथून सुरू होतो.

शांतता करार आणि तेल-महसुलाची वाटणी :

सुमारे वीस लाख लोकांचा बळी घेणारे दुसरे यादवी युद्ध ९ जानेवारी २००५ च्या सर्वंकष शांतता कराराने संपले. दक्षिणेतील विहिरींच्या निव्वळ महसुलातून उत्पादक प्रांताला किमान २ टक्के देऊन उर्वरित रक्कम उत्तर व दक्षिण यांनी निम्मी-निम्मी वाटून घ्यावी, असे या कराराने ठरवले. २००६ मध्ये अप्पर नाईल प्रांतातील पालोच परिसरातून पोर्ट सुदानकडे जाणारी सुमारे १,४०० किलोमीटरची दुसरी तेलवाहिनी कार्यान्वित झाली व उत्पादन वाढले.

तथापि ही व्यवस्था सहा वर्षांच्या संक्रमणकाळापुरतीच होती. जानेवारी २०११ च्या सार्वमतात जवळपास ९९ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. विभाजनानंतर सुमारे तीन-चतुर्थांश उत्पादन दक्षिणेकडे आले. परंतु दोन्ही तेलवाहिन्यांचा बहुतांश भाग, शुद्धीकरण कारखाने आणि बंदर सुदानकडेच राहिले. दक्षिण सुदानला समुद्रकिनारा नाही. आपले तेल शेजाऱ्याच्या भूमीतून नेण्यासाठी किती शुल्क द्यावयाचे, हा प्रश्न मात्र स्वातंत्र्याच्या दिवशीही अनिर्णित होता. तेलाची वाटणी झाली, वाटेची झाली नाही. पुढील संकटांचे मूळ येथे आहे.

निर्यातबंदी व दुसरा संघर्ष :

सुदानने प्रतिपिंप ३० डॉलरहून अधिक शुल्काची मागणी केली, तर दक्षिण सुदानने एक डॉलरच्या आसपास रक्कम देऊ केली. सुदानने थकबाकीपोटी काही तेल परस्पर काढून घेतल्यावर जानेवारी २०१२ मध्ये जुबा सरकारने संपूर्ण उत्पादन थांबवण्याचा निर्णय घेतला. स्वतःचा जवळपास सर्व महसूल स्वतःच बंद करण्याचा हा निर्णय होता. एप्रिलमध्ये हेगलिग तेलक्षेत्रावरून दोन्ही देशांची सैन्ये समोरासमोर आली. अखेर २७ सप्टेंबर २०१२ रोजी अदिस अबाबा येथे सहकार्य करार झाला. त्यानुसार तेलवाहिनीनिहाय प्रतिपिंप ९ ते ११ डॉलर शुल्क ठरले. याशिवाय सुदानच्या बुडालेल्या महसुलाची भरपाई म्हणून प्रतिपिंप १५ डॉलर या दराने एकूण सुमारे ३ अब्ज डॉलर द्यावयाचे ठरले. एप्रिल २०१३ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झाले.

ही उभारी आठ महिनेच टिकली. १५ डिसेंबर २०१३ रोजी राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि माजी उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्या गटांत युद्ध पेटले. युनिटी प्रांतातील विहिरी बंद पडल्या व उत्पादन बरेच खाली आले. २०१४ च्या मध्यापासून जागतिक बाजारातील तेलाचे भाव कोसळले. परंतु सुदानला द्यावयाची रक्कम टक्केवारीत नसून प्रतिपिंप ठरलेली असल्याने दक्षिण सुदानच्या हाती येणारा वाटा अत्यल्प राहिला. सप्टेंबर २०१८ च्या नव्या शांतता करारानंतर बंद विहिरी टप्प्याटप्प्याने सुरू करण्यात आल्या. तरीही प्रतिदिन उत्पादन दीड ते पावणेदोन लाख पिंपांच्या आसपासच स्थिरावले. दीर्घकाळ बंद राहिलेल्या विहिरींची हानी आणि जुन्या क्षेत्रांतून तेलाबरोबर येणाऱ्या पाण्याचे वाढते प्रमाण ही त्यामागील तांत्रिक कारणे होत.

शेजारील युद्धाचे परिणाम :

१५ एप्रिल २०२३ रोजी सुदानमध्येच लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध सुरू झाले. दक्षिण सुदानचे तेल मेणचट असते. ते प्रवाही ठेवण्यासाठी तेलवाहिनीवरील उपसा केंद्रे व तापन यंत्रणा अखंड चालाव्या लागतात. युद्धक्षेत्रात इंधनाचा पुरवठा आणि देखभाल खंडित झाल्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये पालोचकडून येणारी तेलवाहिनी बंद पडली. निर्यातीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग याच वाहिनीतून जात होता. त्यामुळे जुबा सरकारचा महसूल आटला आणि शासकीय कर्मचाऱ्यांचे वेतन अनेक महिने थकले. २०२५ मध्ये ही वाहतूक पुन्हा सुरू झाली. मात्र डिसेंबर २०२५ मध्ये हेगलिग हे क्षेत्र सुदानच्या निमलष्करी दलाच्या ताब्यात गेले. युनिटी प्रांतातील तेलावर प्राथमिक प्रक्रिया करणारे केंद्र तेथेच असल्याने दुसरी वाहिनीही असुरक्षित ठरली.

पर्याय आणि त्यांच्या मर्यादा :

केनियातील लामू बंदरापर्यंत नवी तेलवाहिनी नेण्याच्या प्रकल्पाचा प्रारंभ मार्च २०१२ मध्ये झाला. दक्षिण सुदानसाठीची वाहिनी मात्र प्रत्यक्षात आलेली नाही. अशा प्रकल्पास भांडवल मिळण्यासाठी दीर्घकाळ टिकणारे मोठे उत्पादन आवश्यक असते. उत्पादन घटत असल्याने भांडवल मिळत नाही आणि नवा मार्ग नसल्याने उत्पादनात गुंतवणूक होत नाही, असे हे दुष्टचक्र आहे. २०२४ मध्ये पेट्रोनासने या देशातून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला, ही घटना या संदर्भात सूचक आहे.

दुसरी मर्यादा अंतर्गत आहे. २०१३ च्या पेट्रोलियम महसूल व्यवस्थापन कायद्यानुसार उत्पादक प्रांतांना २ टक्के व स्थानिक समुदायांना ३ टक्के वाटा देण्याची तरतूद आहे. तिची अंमलबजावणी असमाधानकारक राहिली. भावी उत्पादन तारण ठेवून अग्रिम कर्जे घेण्यात आल्याने येणाऱ्या काळाचे उत्पन्न आधीच खर्ची पडले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगाच्या २०२५ मधील अहवालात स्वातंत्र्यानंतरचे तेल-उत्पन्न २५ अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे नमूद करून त्याच्या अपहारावर कठोर ताशेरे ओढण्यात आले आहेत. ज्या बेंतिऊच्या भूमीतून तेल निघाले, तेथील रहिवाशांच्या वाट्याला प्रामुख्याने विस्थापन आणि दूषित पाणी आले.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, संघर्षोत्तर राष्ट्रातील उत्पादनाची शक्यता केवळ साठ्यांवरून ठरवता येत नाही. सुमारे साडेतीन अब्ज पिंपांचा सिद्ध साठा असूनही निर्यातमार्गावर ताबा नसल्याने दक्षिण सुदानचे उत्पन्न शेजाऱ्याच्या शांततेवर अवलंबून राहिले. दुसरी, २००५ च्या कराराने महसुलाचे प्रमाण ठरवले, परंतु वाहतुकीचे हक्क, शुल्क व वादनिवारण यांची कायमस्वरूपी व्यवस्था निर्माण केली नाही. तिसरी, मिळालेल्या उत्पन्नाचा विनियोग पारदर्शक नसेल, तर उत्पादनवाढ शांततेला बळ देण्याऐवजी सत्तास्पर्धेलाच इंधन पुरवते. २०१३ आणि २०२५ मधील घटनाक्रम याची साक्ष देतो.

नजीकच्या काळात दोन्ही तेलवाहिन्यांना युद्धक्षेत्रातही अबाधित ठेवणारी, सुदानमधील सर्व लढणाऱ्या पक्षांना मान्य असलेली देखरेख-व्यवस्था हीच व्यवहार्य वाट दिसते. भारतासारख्या गुंतवणूकदार राष्ट्रांनीही विहिरींतील भागीदारीइतकेच लक्ष या व्यवस्थेकडे देणे त्यांच्या हिताचे ठरेल. १९८० च्या दशकात शुद्धीकरण कारखाना कोठे असावा या वादातून जो प्रश्न उभा राहिला, तो स्वातंत्र्यानेही सुटलेला नाही. तेल कोणाच्या भूमीत आहे, यापेक्षा ते कोणाच्या संमतीने बाहेर पडते आणि त्याचा लाभ कोणापर्यंत पोहोचतो, यावरच दक्षिण सुदानमधील शांततेचे भवितव्य अवलंबून राहील.