दूरस्थ संदर्भसेवेतील लिखित संवाद : इतिहास आणि एक नैतिक पेच

संदर्भसेवा ही संकल्पना प्रारंभापासूनच वाचक आणि ग्रंथपाल यांच्या प्रत्यक्ष संभाषणाशी निगडित राहिली आहे. अमेरिकेतील वुस्टर येथील ग्रंथपाल सॅम्युअल स्वेट ग्रीन यांनी १८७६ मध्ये या दोघांच्या व्यक्तिगत संबंधांविषयी मांडलेला निबंध हा या विचाराचा आरंभ मानला जातो. भारतात डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रे सिद्ध केली. त्यांपैकी वाचकाचा वेळ वाचविण्याचे चौथे सूत्र संदर्भसेवेचा पाया ठरले. पुढे १९६८ मध्ये रॉबर्ट टेलर यांनी असे दाखवून दिले की, वाचक जो प्रश्न विचारतो तो त्याच्या मूळ गरजेचे तडजोड केलेले रूप असतो. ती गरज अव्यक्त जाणिवेपासून चार पातळ्या ओलांडून शब्दांत उतरते. ग्रंथपालाचे काम या पातळ्या उलट दिशेने उतरण्याचे असते आणि ते प्रतिप्रश्नांवाचून होत नाही.

हे सारे आदानप्रदान मौखिक होते. वाचक निघून गेला की संभाषण संपत असे आणि त्याची कोठेही नोंद उरत नसे. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या १९३९ च्या आचारसंहितेने वाचकाविषयीची खाजगी माहिती गुप्त राखणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य ठरविले. संदर्भकक्षात या कर्तव्याचे पालन बव्हंशी आपोआप होत असे, कारण मुखातून निघालेला शब्द हवेत विरून जाई. दूरस्थ सेवेच्या इतिहासाकडे पाहताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

१९८४ मध्ये बाल्टिमोर येथील मेरीलँड विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान ग्रंथालयाने ई-मेलद्वारे संदर्भसेवा सुरू केली. या माध्यमात अंतर मिटले, पण प्रतिप्रश्नाला उत्तर येण्यास वेळ लागू लागला. टेलर यांना अभिप्रेत असलेली वाटाघाट लांबत गेली. वाचक आणि ग्रंथपाल एकाच वेळी उपस्थित असतील अशा लिखित संवादाची, म्हणजेच चॅटची, निकड यातून निर्माण झाली.

२००० च्या सुमारास ही सेवा मूळ धरू लागली. आरंभीची साधने मात्र ग्रंथालयांसाठी घडविलेली नव्हती. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांच्या ग्राहकसेवेसाठी ईगेन या कंपनीने तयार केलेली प्रणाली ग्रंथालयांच्या उपयोगासाठी बदलून घेण्यात आली. तिच्या साह्याने ग्रंथपाल स्वतःपुढील संकेतपृष्ठ वाचकाच्या पडद्यावरही उघडू शकत असे. या काळातील दुसरी महत्त्वाची घटना म्हणजे सहकारी जाळ्यांचा उदय. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००० मध्ये आरंभिलेल्या प्रयोगातून २००२ मध्ये ओसीएलसीच्या सहकार्याने ‘क्वेश्चनपॉइंट’ ही सेवा उभी राहिली आणि २००४ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘ट्वेंटी फोर सेव्हन रेफरन्स’ हे जाळे तिच्यात विलीन झाले. आता एका गावातील वाचकाच्या मध्यरात्रीच्या प्रश्नाला दुसऱ्या कालपट्ट्यातील ग्रंथपाल उत्तर देऊ शकत होता. मात्र स्थानिक संग्रहाची त्याची जाण अपुरी असे आणि असे प्रश्न बहुधा मूळ ग्रंथालयाकडेच परत जात.

महागड्या आणि वारंवार खंडित होणाऱ्या प्रणालींना कंटाळून अनेक ग्रंथालये दशकाच्या मध्यास विनामूल्य संदेशसाधनांकडे वळली. १९९७ मध्ये सुरू झालेला एओएल इन्स्टंट मेसेंजर आणि २००५ मध्ये आलेले मीबो ही त्यांतील प्रमुख साधने. मीबोची छोटी चौकट ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरच बसविता येई. परंतु ही साधने परक्याच्या मालकीची होती. २०१२ मध्ये गूगलने मीबो विकत घेतले आणि ती सेवा बंद केली. एओएलचा मेसेंजर २०१७ मध्ये थांबला. ‘क्वेश्चनपॉइंट’ २०१९ मध्ये स्प्रिंगशेअर या कंपनीकडे गेले. नॉर्थ कॅरोलायनातील विद्यापीठीय ग्रंथालयांच्या गरजेतून २००८ मध्ये घडलेले ‘लायब्ररीहेल्प’ हा या परावलंबनाला मिळालेला एक लक्षणीय प्रतिसाद होय.

साधने बदलत राहिली, तरी त्या सर्वांनी एक गोष्ट समान रीतीने घडविली : मौखिक संवादाचे लिखित संहितेत रूपांतर. साहित्याच्या अभ्यासकाला येथे एका नव्या लेखनप्रकाराची घडण दिसते. कक्षात ग्रंथपाल उठून कपाटाकडे जातो, ते वाचक पाहतो; चॅटमध्ये तेच मौन उपेक्षेसारखे भासते. म्हणूनच २००४ मध्ये सुधारलेल्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांत नेत्रसंपर्काच्या जागी ‘शब्दसंपर्क’ राखण्याची अपेक्षा व्यक्त झाली. शोध चालू असल्याचे मधूनमधून लिहून कळविणे हा त्या सेवेतील शिष्टाचार ठरला. मेरी रॅडफर्ड आणि लिन सिलिपिन्यी कॉनवे यांनी २००५ ते २००८ या काळात अशा शेकडो संवादांचे विश्लेषण केले. सेवेचे यश केवळ उत्तराच्या अचूकतेवर नव्हे, तर अभिवादन, दिलासा व निरोप यांतून जुळणाऱ्या नात्यावरही अवलंबून असते, हे त्यातून पुढे आले. ग्रीन यांचे १८७६ मधील प्रतिपादन अशा प्रकारे लिखित पुराव्याने पुष्ट झाले.

या संवादाची लिपी हाही दुर्लक्षिण्याजोगा विषय नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान असले, तरी विंडोज प्रणालीत तिची सोय २००० च्या आवृत्तीपासून झाली. त्यानंतरही मराठी माणसे संगणकीय गप्पांत पुष्कळदा रोमन अक्षरांतच मराठी लिहीत राहिली. एकच ग्रंथनाम रोमन लिपीत अनेक वर्तन्यांनी लिहिले जाऊ शकते आणि ग्रंथालयीन तालिका मात्र एका ठरावीक लिप्यंतराला बांधलेली असते. अशा वेळी वाचकाचे अभिप्रेत ओळखून दोहोंची गाठ घालून देणारा ग्रंथपाल हा एक प्रकारे अनुवादकच ठरतो.

जे लिहिले जाते ते उरते, आणि जे उरते ते मागितले जाऊ शकते. २००१ च्या ‘पॅट्रियट ॲक्ट’मधील २१५ व्या कलमाने अमेरिकेच्या तपासयंत्रणेला न्यायालयीन आदेशान्वये अभिलेख मिळविण्याचा व्यापक अधिकार दिला. हे कलम २०२० मध्ये संपुष्टात आले. तथापि दरम्यान ग्रंथालयांना आपल्या नोंदींविषयी नव्याने विचार करावा लागला. चॅटमधील संवाद तर पुष्कळदा ग्रंथालयाच्या ताब्यातही नव्हते. ते साधन पुरविणाऱ्या कंपनीच्या संगणकांवर साठत होते. वाचकाचे नाव व पत्ता वगळून संहिता जपण्याचा मध्यममार्ग अनेक सेवांनी स्वीकारला.

हा मार्ग नेहमीच पुरेसा ठरत नाही. सामान्य प्रश्नामागचा वाचक नाव पुसताच अनामिक होतो. पण एखाद्या दुर्मीळ हस्तलिखिताविषयी वा अल्पपरिचित भाषांतराविषयी जगात मोजक्याच व्यक्ती प्रश्न विचारतात. तेथे प्रश्न हीच स्वाक्षरी असते. तौलनिक साहित्याच्या संशोधकांचे प्रश्न बव्हंशी याच वर्गात मोडतात. वाचनाच्या इतिहासाला या संहितांइतके जिवंत साधन क्वचितच लाभेल, आणि त्यांच्या जतनाची सर्वाधिक झळ बसू शकेल तीही याच अभ्यासकांना. संवाद विसरून जाणे हे एकेकाळी मौखिकतेचे सहज फलित होते. लिखित संवादाच्या काळात ते ग्रंथालयाने जाणीवपूर्वक घ्यावयाचा निर्णय झाले आहे.