स्वमग्नता : शब्द आणि हक्क

ऑटिझमला मराठीने 'स्वमग्नता' म्हटले. या शब्दातून मूल आपखुशीने आत वळल्याचा भास होतो, हे आम्हांस खटकते. लिओ कॅनर यांच्या १९४३ च्या निबंधानंतर कित्येक वर्षे आईच्या 'थंडपणा'लाच दोष दिला गेला. कायद्याची नोंदही उशिराच झाली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला. २०१६ च्या कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण विशेष शिक्षकासाठी आपट्याच्या आईबापांना पनवेलची गाडी धरावी लागली, तर 'जवळची' हा शब्द कायद्यातच राहतो. गावात पोहोचत नाही.